भारतीय बाल-यकृत् सूत्रणरोग

यकृतात तांब्याचा अतिरिक्त साठा होऊन लहान मुलांना होणारा सिऱ्होसिसचा गंभीर प्रकार. तो मुख्यतः सहा महिने ते पाच वर्षे या वयात आढळतो.

लक्षणे व निदान : चिडचिड, मंदावलेली भूक व फुगलेले पोट ही सुरुवातीची लक्षणे, पुढे कावीळ व जलोदर होतो. पोट चाचपताना वाढलेल्या यकृताची कडा टणक व धारदार लागते. यकृताचा तुकडा काढून केलेल्या तपासणीत ऑर्सीन रंजकामुळे पेशींतील तांबेयुक्त प्रथिनाचे कण गडद तपकिरी दिसतात व निदान पक्के होते.

कारणे : पुण्यातील शीला भावे, आनंद पंडित आणि ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ स्टुअर्ट टॅनर प्रभृतींनी 1983 मध्ये या रोगाचा संबंध पितळी भांड्यांत तापवलेल्या वरच्या दुधाशी जोडला. कल्हई नसलेल्या भांड्यातील तांबे दुधात उतरते. आनुवंशिक प्रवणतेचाही वाटा असावा, असे मानतात.

उपचार : पेनिसिलामीन हे औषध तांब्याशी संयोग पावून ते लघवीवाटे बाहेर काढते. रोगाच्या आरंभी दिल्यास मूल वाचू शकते. जलोदर झाल्यावर मात्र त्याचा उपयोग कमी होतो. स्तनपान व स्टीलच्या भांड्यांचा वापर हे प्रतिबंधक उपाय होत. पितळी भांडी मागे पडल्यापासून हा रोग विरळ झाला आहे.