जुन्नर : घाटवाटेवरील एका नगराचा इतिहास, भूगोल व लोकसंख्या

प्रस्तावना

पुणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला कुकडी नदीच्या खोऱ्यात वसलेले जुन्नर हे तालुक्याचे ठिकाण शिवनेरीच्या पायथ्याचे गाव म्हणून सर्वपरिचित आहे. दरवर्षी शिवजयंतीला हजारो लोक गडावर जातात. गावात थांबणारे मात्र थोडेच असतात. २०११ च्या जनगणनेनुसार जुन्नर नगरपरिषदेच्या हद्दीतील लोकसंख्या २५ हजारांच्या थोडी वर होती. याच गावाच्या भोवतालच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी व इतर खोदकामे आहेत. एका परिसरात इतक्या संख्येने लेणी भारतात अन्यत्र आढळत नाहीत. बहमनी राज्यात जुन्नर हे एका तरफेचे मुख्य ठिकाण होते आणि निजामशाहीची सुरुवातही येथूनच झाली. एवढा दीर्घ भूतकाळ असलेले नगर आधुनिक काळात एक लहान ग्रामीण शहर म्हणून का राहिले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या प्रश्नाचे रूढ उत्तर राजकीय आहे. राजधानी अहमदनगरला गेली आणि जुन्नरचे महत्त्व संपले, असे सर्रास सांगितले जाते. उपलब्ध साधने या उत्तराला पुरेसा आधार देत नाहीत. जुन्नरचे नगरपण राजगादीवर जितके अवलंबून होते, त्याहून कितीतरी अधिक ते सह्याद्री उतरणाऱ्या एका वाटेवर अवलंबून होते, आणि त्याच्या ऱ्हासाचा शोधही त्या वाटेवरच घ्यावा लागतो.

भौगोलिक स्थान

जुन्नर समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे. तालुक्याच्या उत्तरेस हरिश्चंद्रगडाची रांग आहे व पश्चिमेस सह्याद्रीचा कडा थेट कोकणात उतरतो. कुकडी नदी चावंडजवळील पूर या गावाच्या परिसरात, कुकडेश्वराच्या देवळापाशी उगम पावते, पूर्वेकडे वाहत घोड नदीस मिळते आणि घोड पुढे भीमेस मिळते. पश्चिमेकडील घाटमाथ्यावर पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो. तेथून पूर्वेकडे जावे तसतसे पावसाचे मान झपाट्याने कमी होत जाते. एकाच तालुक्यात भातखाचरे, बागायत आणि अवर्षणप्रवण जिराईत असे तीन पट्टे पडतात. पश्चिम पट्ट्यात प्रामुख्याने महादेव कोळी समाजाची वस्ती असून भातशेतीबरोबर हिरड्याचे संकलन हे तेथील उपजीविकेचे जुने साधन आहे.

जुन्नर नगर यांपैकी मधल्या पट्ट्यात, खोरे रुंदावू लागते त्या जागी आहे. घाट चढून आलेल्या तांड्याला पाणी, चारा आणि सपाट जागा प्रथम येथे मिळत असे. नाणेघाट येथून सुमारे ३० किलोमीटर अंतरावर आहे, म्हणजे लादलेल्या बैलांना एक-दोन मजलांचे अंतर. जीवधन घाटाच्या तोंडाशीच उभा आहे. तेथून पूर्वेकडे हडसर, चावंड व अखेरीस शिवनेरी असे किल्ले या वाटेवर नजर ठेवून आहेत. नकाशावर ही ठिकाणे जोडून पाहिली, म्हणजे नगर, घाट व किल्ले ही एकच व्यवस्था होती हे ध्यानात येते.

घाटमाथ्याची बाजारपेठ

नाणेघाटातील लेण्यात सातवाहन राणी नागनिका हिच्याशी निगडित असलेला प्रसिद्ध ब्राह्मी शिलालेख आहे. कर्नल साइक्स यांनी १८२८ मध्ये तो अभ्यासकांच्या नजरेस आणला. त्यात अश्वमेधासह अनेक यज्ञांची व त्यांत दिलेल्या गाई, कार्षापण इत्यादी दक्षिणेची नोंद आहे. अंकचिन्हांच्या इतिहासासाठीही तो महत्त्वाचा मानला जातो. राजघराण्यातील व्यक्तींच्या प्रतिमा तेथे कोरलेल्या होत्या. आता त्यांच्यावरील नावे व पायांचे अवशेष तेवढे उरले आहेत. राजघराण्याने आपली ओळख एखाद्या राजवाड्यात न कोरता व्यापारी वाटेच्या तोंडावर, ये-जा करणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेस पडेल अशी कोरली, ही बाब या वाटेचे मोल सांगण्यास पुरेशी आहे. घाटाच्या माथ्यावरील दगडी रांजण जकात गोळा करण्यासाठी होता असे परंपरा मानते. ही परंपरा सिद्ध करता आली नाही तरी ज्या जागी तिने रांजण कल्पिला ती जागा अचूक आहे.

जुन्नरच्या लेण्यांतील दानलेख या व्यापाराचे अधिक विश्वसनीय साक्षीदार आहेत. लेण्याद्री येथील चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त याने दिले. कल्याण हे घाटाखालील बंदर, म्हणजे दाता वाटेच्या एका टोकाचा व दान दुसऱ्या टोकाला. भरुकच्छ येथील दोन भावांचेही दान येथे आहे. इरिल, चित व चंद या तीन यवनांच्या दानांपैकी एक पाण्याच्या टाक्यांचे व एक भोजनमंडपाचे आहे. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व टाके दिले. बांबूकाम करणारे व कांस्यकार यांच्या श्रेणींकडे रक्कम ठेव म्हणून ठेवल्याचेही उल्लेख आहेत. श्रेणीकडे कायम ठेव ठेवावी एवढा विश्वास वाटणे, याचा अर्थ त्या कारागिरांचा धंदा पिढ्यानपिढ्या चालेल अशी दात्याची खात्री होती. स्थिर नागरी जीवनाचा यापेक्षा चांगला पुरावा क्वचितच मिळतो.

मानमोडी डोंगरावरील एका लेखात महाक्षत्रप नहपान याचा अमात्य वत्सगोत्री अयम याने वर्ष ४६ मध्ये मंडप व टाके दिल्याची नोंद आहे. सातवाहन व क्षत्रप यांच्या संघर्षात हा प्रदेश हातबदल करीत राहिला, तरी दानांचा ओघ दोन्ही राजवटींत चालू राहिला. सत्ता बदलूनही बाजार टिकला, हे जुन्नरच्या इतिहासात पहिल्यांदा येथे दिसते.

या नगराचे प्राचीन नाव हा वादाचा विषय आहे. एकोणिसाव्या शतकात ग्रीक लेखकांचे तगर म्हणजे जुन्नर, असे मत मांडले गेले होते. फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर हे दाखवून दिल्यावर ते मागे पडले. ‘जीर्णनगर’ ही व्युत्पत्ती लोकप्रिय आहे. तथापि, जे नगर एकेकाळी नवे होते त्याला आरंभापासून कोणी ‘जीर्ण’ म्हणत असेल हे संभवत नाही. नगर जुने झाल्यावरच ते नाव रूढ झाले असावे. डेक्कन कॉलेजने या शतकाच्या पहिल्या दशकात केलेल्या उत्खननात सातवाहनकालीन वस्तीचे अवशेष मिळाले आहेत.

लेणी ओस पडली तरी डोंगर ओस पडले नाहीत. लेण्याद्रीवरील एका विहारात गिरिजात्मजाची स्थापना होऊन ते अष्टविनायकांपैकी एक स्थान झाले.

बहमनी ते मोगल

रशियन व्यापारी अफानासी निकितिन १४७० च्या आगेमागे चौल बंदरात उतरला आणि पालीमार्गे सह्याद्री चढून जुन्नरला आला. पावसाळा त्याने येथेच काढला. त्याच्याजवळ विक्रीसाठी आणलेला एक घोडा होता. जुन्नरचा अधिकारी असदखान याने तो काढून घेतला. धर्म बदलल्यास घोडा परत व वर सोन्याची हजार नाणी, असे त्याने सांगितले. एका खुरासानी गृहस्थाने रदबदली केल्यामुळे घोडा परत मिळाला. या प्रसंगाचे आर्थिक अंग लक्षणीय आहे. एका घोड्यासाठी परदेशी व्यापारी पाऊसकाळात घाटमाथ्यावर अडकून राहतो, यावरून येथील घोड्यांच्या मागणीची कल्पना येते.

महमूद गवानने बहमनी राज्याच्या चार तरफांच्या आठ केल्या. तेव्हा दौलताबाद तरफेतून जुन्नरची स्वतंत्र तरफ निघाली. येथूनच मलिक अहमदने १४९० मध्ये स्वतंत्र कारभार सुरू केला व १४९४ मध्ये अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) वसवून राजधानी तेथे नेली. रूढ मताप्रमाणे जुन्नरच्या उतरणीचा प्रारंभ येथे व्हावयास हवा. पण शतकाहून अधिक काळ लोटल्यावर, १६०७ च्या सुमारास मलिक अंबरने निजामशाहीचे ठाणे काही काळ पुन्हा जुन्नरलाच आणले. १६३६ च्या तहानंतर हा मुलूख मोगलांकडे गेला. ३० एप्रिल १६५७ च्या रात्री शिवाजी महाराजांच्या सैन्याने दोराच्या शिड्यांनी तट चढून जुन्नर शहर लुटले. तेव्हा रोख ३ लाख होन, २०० घोडे व जडजवाहीर हाती लागल्याची नोंद आहे. राजधानी जाऊन १६३ वर्षे झालेल्या नगरात एका रात्रीत एवढी रोकड मिळत असेल, तर ते नगर ऱ्हास पावले होते असे म्हणता येणार नाही. १६७० च्या दशकात इंग्रज डॉक्टर जॉन फ्रायर येथे आला, तेव्हाही मोगल सरहद्दीवरील मुख्य ठाणे म्हणून जुन्नरचे स्थान कायम होते. नगराच्या पूर्वेकडील सौदागर घुमट ही देखणी वास्तू आजही उभी आहे. तिच्या नावातच सौदागर आहे हे सूचक म्हणावे लागेल.

कागद

जुन्नरच्या उत्तरकालीन समृद्धीत ‘जुन्नरी कागदा’चा वाटा मोठा होता. जुनी गोणपाटे व चिंध्या कुटून, त्यांचा लगदा वाहत्या पाण्यात धुऊन येथील कागदी समाजाचे कारागीर हातकागद तयार करीत. मराठेशाहीच्या दप्तरी लेखनात हा कागद वापरला जाई. महाराष्ट्राच्या इतिहासाची कित्येक साधने जुन्नरच्या कारागिरांच्या हाताखालून गेली आहेत आणि दप्तरांतील मजकूर वाचताना संशोधकांनी कागदाकडे मात्र फारसे लक्ष दिलेले नाही. गिरणीचा स्वस्त कागद आल्यावर हा धंदा मोडला. जुन्नरच्या मुस्लीम वस्तीच्या इतिहासात हा व्यवसाय केंद्रस्थानी असूनही स्थानिक इतिहासलेखनात त्याला ओझरता उल्लेख मिळतो.

वाट बदलली

नाणेघाट ही पायऱ्यांची वाट आहे. लादलेला बैल ती चढतो, गाडी चढू शकत नाही. माल बैलाच्या पाठीवरून जात होता तोवर ही उणीव जाणवली नाही. जुन्नरच्या दृष्टीने निर्णायक घटना १८१८ ची सत्तांतराची नसून १८३० ची आहे. त्या वर्षी बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला व पुण्याचा माल चाकांवरून कोकणात उतरू लागला. १८६३ मध्ये बोरघाटातून आणि १८६५ मध्ये थळघाटातून रेल्वे सुरू झाली. हे दोन्ही लोहमार्ग जुन्नरला मध्ये ठेवून दक्षिणेकडून व उत्तरेकडून निघून गेले. पुढे माळशेज घाटातून कल्याणकडे मोटाररस्ता झाला, त्याचाही मार्ग ओतूर-मढवरून आहे. पुणे-नाशिक महामार्ग जुन्नरपासून सुमारे १५ किलोमीटरवरील नारायणगावातून जातो. अशा रीतीने प्रत्येक नव्या मार्गाने जुन्नरला बगल दिली.

व्यापार ओसरला तरी परिसराचे सामाजिक जीवन थांबले नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जुन्नर-ओतूर भाग सत्यशोधक चळवळीचे महत्त्वाचे केंद्र होता. हा विषय मात्र स्वतंत्र लेखाचा आहे.

लोकसंख्या

१८८१ व १९०१ या दोन्ही जनगणनांत जुन्नरची लोकसंख्या १० हजारांच्या आसपास होती. २००१ मध्ये ती २५ हजारांच्या थोडी खाली व २०११ मध्ये थोडी वर होती. शंभर वर्षांत अडीच पट वाढ ही तशी अल्पच. अखेरच्या दशकात तर नगर जवळजवळ स्थिर आहे. याच दशकात पुणे जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ७२ लाखांवरून ९४ लाखांवर, म्हणजे ३० टक्क्यांनी वाढली. नगरपरिषदेच्या हद्दीबाहेर लागून झालेली वस्ती या आकड्यांत धरलेली नाही, ही मर्यादा लक्षात घेतली तरी तफावत मोठीच राहते. २०२१ ची नियोजित जनगणना झाली नसल्याने २०११ चेच आकडे आधाराला घ्यावे लागतात.

तालुक्याची लोकसंख्या २०११ मध्ये सुमारे ४ लाख होती, म्हणजे सोळा माणसांमागे एक तालुक्याच्या गावी राहतो. वाढ झाली ती पूर्वेकडे. कुकडी प्रकल्पातील माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे व येडगाव ही धरणे याच तालुक्यात आहेत. त्यांच्या पाण्यावर ऊस, द्राक्षे, टोमॅटो व कांदा ही पिके आली आणि नारायणगाव टोमॅटोची बाजारपेठ म्हणून पुढे आले. बाजार महामार्गावर गेला व कचेऱ्या जुन्नरला राहिल्या, असे या वाटणीचे वर्णन करता येईल. उसाच्या फडांत बिबट्यांनी आश्रय घेतल्यामुळे निर्माण झालेला मानव-बिबट्या संघर्ष हाही या बागायतीचाच एक परिणाम होय. पश्चिमेकडील आदिवासी गावांच्या वाट्याला मात्र धरणाच्या पाण्याचा लाभ अल्प व रोजगारासाठीचे स्थलांतर अधिक आले.

२०१८ मध्ये राज्य शासनाने जुन्नरला पर्यटन तालुका म्हणून घोषित केले. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठा लष्करी भूप्रदेशातील १२ किल्ल्यांचा समावेश झाला, त्यांत शिवनेरी आहे. हा बहुमान रास्तच आहे. परंतु यादीत किल्ला आहे, त्याच्या पायथ्याचे नगर नाही. सौदागर घुमट, मानमोडीवरील लेणी, नाणेघाटातील झिजत चाललेली अक्षरे आणि आजच्या घरांखाली असलेली सातवाहनकालीन वस्ती यांचे रक्षण वेगवेगळ्या कार्यालयांच्या नोंदवह्यांत विभागलेले आहे. नगरात नवे बांधकाम होते तेव्हा पायाच्या खड्ड्यातून खापरे व विटा निघतात, आणि बहुतेक वेळा त्या मुरुमासोबत उचलल्या जातात.