सोयाबीनवरचे शून्य

५ नोव्हेंबर १९९२. बिल क्लिंटन निवडून येऊन दोनच दिवस झाले होते. मावळत्या बुश प्रशासनाने त्या दिवशी एक यादी जाहीर केली. युरोपातून येणाऱ्या सुमारे ३० कोटी डॉलर किमतीच्या मालावर २०० टक्के आयातशुल्क बसणार होते आणि त्या मालात सर्वांत मोठा वाटा पांढऱ्या वाइनचा, त्यातही फ्रेंच वाइनचा होता. मुदत होती ५ डिसेंबरची. शिक्षा वाइनला मिळणार होती. तक्रार मात्र तेलबियांची होती. या भांडणाचे मूळ तीस वर्षांपूर्वी मान्य केलेल्या एका शून्यात होते. हा धागा त्या शून्याविषयी.

आधी हे पाहायला हवे की युरोपला आपल्या शेतीभोवती तट का उभारावासा वाटला. सिको मान्सहोल्ट हे डच शेतकरी. समुद्र हटवून मिळवलेल्या विरिंगरमेर या प्रदेशात त्यांची शेती होती. एप्रिल १९४५मध्ये जर्मन सैन्याने तिथला बांध उडवला आणि सारा प्रदेश पाण्याखाली गेला. त्याच्या आदल्या हिवाळ्यात नेदरलँड्सच्या पश्चिम भागातील शहरांत सुमारे वीस हजार माणसे उपासमारीने मेली होती. युद्ध संपताच मान्सहोल्ट त्या देशाचे अन्न व कृषिमंत्री झाले आणि १९५८पासून युरोपीय आर्थिक समुदायाचे पहिले कृषी आयुक्त. या पिढीच्या दृष्टीने स्वस्त परदेशी गव्हापेक्षा स्वतःच्या शिवारातला महाग गहू अधिक भरवशाचा होता. पुढे ‘युरोपचा आडमुठेपणा’ म्हणून ज्याची निंदा झाली, त्याच्या मुळाशी ही भूक आहे.

दुसरे कारण मतांचे. १९५०च्या दशकात फ्रान्समधील कष्टकऱ्यांपैकी चौथ्या हिश्श्याहून अधिक लोक शेतीवर होते. जर्मन कारखान्यांना फ्रेंच बाजारपेठ हवी असेल, तर फ्रेंच गव्हाला जर्मन बाजारपेठ मिळाली पाहिजे, हा १९५७च्या रोम करारामागचा व्यवहार होता.

जानेवारी १९६२मध्ये, दिवसरात्र चाललेल्या वाटाघाटींनंतर, सहा देशांचे सामायिक कृषी धोरण ठरले. त्यासाठी ३१ डिसेंबरची मुदत होती. ती उलटून गेली तेव्हा घड्याळ ‘थांबवल्याचे’ मानून चर्चा पुढे चालू ठेवण्यात आली!

त्या धोरणाचे यंत्र समजून घेण्यासारखे आहे. समजा, गव्हाचा जागतिक भाव १०० आहे आणि युरोपने आत ठरवलेला भाव १६० आहे. मग सीमेवर ६० शुल्क. उद्या जागतिक भाव ८०वर उतरला, तर शुल्क आपोआप ८०. बाहेरच्या शेतकऱ्याने कितीही स्वस्त पिकवले तरी आत त्याचा माल स्वस्त होऊच शकत नाही. आतला भाव पडू लागला की सरकारी यंत्रणा ठरलेल्या हमीभावाने खरेदी करणार. गोदामे भरली की निर्यात अनुदान देऊन माल जगाच्या बाजारात काढणार. तट, गोदाम आणि मागचा दरवाजा, अशी ही तिहेरी व्यवस्था होती.

हे सारे गॅटच्या मुक्त व्यापाराच्या तत्त्वाशी विसंगत होते. पण शेतीला त्या नियमांतून सूट घेण्याचा पायंडा युरोपने पाडलेला नव्हता. १९५५मध्ये अमेरिकेनेच आपल्या शेतमालावरील आयातबंधनांसाठी गॅटकडून कालमर्यादा नसलेली सवलत मिळवली होती. त्यामुळे पुढच्या चाळीस वर्षांत अमेरिकेने दिलेली मुक्त व्यापाराची प्रवचने वाचताना हा संदर्भ विसरू नये.

तट उभा राहत असतानाच, १९६०–६२मध्ये, गॅटची ‘डिलन फेरी’ चालू होती. गहू, मका, कोंबडी यांबाबत अमेरिकेच्या हाती फारसे काही लागले नाही. मात्र सोयाबीन, इतर तेलबिया आणि पेंड यांवर शून्य टक्के शुल्क राहील, असे युरोपने बांधून दिले. युरोपात तेलबिया फारशा पिकत नव्हत्या आणि त्या काळी सोयाबीनची आयातही मोठी नव्हती. ज्याचे रक्षण करायचे ते पीकच नाही, तर सवलत देण्यात कसली तोशीस, असा तो हिशेब होता. तटाला एक खिडकी राहिली. तिच्यातून पुढे काय येईल, याची कल्पना देणाऱ्यांना नव्हती आणि बहुधा घेणाऱ्यांनाही नव्हती.

तटाची पहिली धडक कोंबड्यांवरून बसली. स्वस्त अमेरिकी कोंबड्यांनी पश्चिम जर्मनीची बाजारपेठ भरली होती. १९६२मध्ये नव्या शुल्काने ती आवक कोसळली. गॅटच्या तज्ज्ञांनी अमेरिकेचे नुकसान २ कोटी ६० लाख डॉलर ठरवले. त्याची भरपाई म्हणून राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी डिसेंबर १९६३मध्ये ब्रँडी, डेक्स्ट्रिन, बटाट्याचा स्टार्च आणि हलके ट्रक यांवर शुल्क वाढवले. ट्रकवरच्या २५ टक्क्यांचा रोख फोक्सवॅगनवर होता. कोंबड्यांचे भांडण केव्हाच विरले, पण ते ट्रकशुल्क उठले नाही.

१९६५मध्ये या धोरणाचा खर्च कसा उभारायचा आणि निर्णय बहुमताने घ्यायचे का, यावरून द गॉल यांनी फ्रान्सची खुर्ची सात महिने रिकामी ठेवली. जानेवारी १९६६च्या लक्झेंबर्ग तडजोडीतून ज्या त्या देशाला ‘अत्यंत महत्त्वाच्या राष्ट्रीय हिताच्या’ बाबतीत निर्णय अडवण्याचा मार्ग मिळाला. हे हत्यार ध्यानात ठेवावे. सव्वीस वर्षांनी ते पुन्हा बाहेर निघणार होते.

आता खिडकीकडे. आत धान्य महाग, बाहेरून येणारी सोयापेंड शुल्कमुक्त. पशुखाद्य बनवणाऱ्याने काय करावे? त्याने युरोपीय गहू-बार्ली बाजूला सारली आणि सोयापेंड, शिवाय थायलंडमधला वाळवलेला कसावा, ही जोडी धरली. रॉटरडॅमसारख्या बंदरांच्या आधाराने नेदरलँड्समध्ये, तसेच डेन्मार्क आणि ब्रिटनी या भागांत वराह-कुक्कुटपालन फोफावले. पाळीव जनावरांच्या तोंडून सुटलेले ते युरोपीय धान्य सरकारी गोदामात गेले आणि तिथून अनुदानाच्या जोरावर परदेशी निघाले. अमेरिकेची सोयाबीन युरोपात विकली जाई आणि त्यामुळेच उरलेला युरोपीय गहू अमेरिकेच्या गव्हाशी तिसऱ्या देशांत झुंजे. व्यापाराच्या इतिहासात याहून चमत्कारिक वर्तुळ क्वचितच सापडेल.

हे परावलंबन किती धोक्याचे आहे, ते जून १९७३मध्ये कळले. पेरूच्या किनाऱ्यावरची मासळी हटली, मत्स्यचूर्णाचा तुटवडा पडला आणि सोयाबीनचे भाव भडकले. देशांतर्गत महागाई रोखण्यासाठी निक्सन सरकारने सोयाबीनची निर्यातच बंद केली. बंदी अल्पकाळ टिकली. विश्वास मात्र उडाला. खिडकी बुजवता येत नव्हती, कारण शून्याची बांधिलकी दिलेली होती. तेव्हा युरोपने दुसरी वाट रुंद केली. युरोपात पिकलेल्या तेलबिया विकत घेणाऱ्या गिरण्यांना अनुदान देण्याची योजना १९६६पासून होतीच. तिला आता जोर मिळाला. शुल्क शून्य ठेवूनही परदेशी बी मागे पडेल, अशी ही सोय होती. मोहरीच्या कुळातल्या रेपसीडची पिवळी शेते उत्तर फ्रान्सपासून इंग्लंडपर्यंत पसरली.

डिसेंबर १९८७मध्ये अमेरिकी सोयाबीन उत्पादकांच्या संघटनेने यावर बोट ठेवले. गॅटच्या तज्ज्ञमंडळाचा अहवाल जानेवारी १९९०मध्ये मान्य झाला: दिलेले शून्य युरोपने अनुदानाने निष्फळ केले आहे. युरोपने योजना बदलली. १९९२मध्ये तीही सदोष ठरली.

दरम्यान १९८६मध्ये उरुग्वेतील पुंता देल एस्ते येथे नवी फेरी सुरू झाली होती. शेती पहिल्यांदाच खऱ्या अर्थाने पटावर आली. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या केर्न्स येथे अनुदानाविना निर्यात करणाऱ्या देशांनी आपला गट उभारला. युरोपच्या शीतगोदामांत तेव्हा दहा लाख टनांहून अधिक लोणी पडून होते. डिसेंबर १९९०मध्ये ब्रुसेल्सच्या बैठकीत शेतीवरूनच सारी फेरी कोसळली. बाहेर हजारो शेतकरी रस्त्यावर होते.

कोंडी फोडण्याचा खरा प्रयत्न आयरिश कृषी आयुक्त रे मॅकशॅरी यांनी केला. मे १९९२च्या सुधारणेने धान्याचा आधारभाव तीन वर्षांत सुमारे ३० टक्क्यांनी उतरवायचे ठरले. बदल्यात शेतकऱ्याला हेक्टरी थेट रक्कम मिळणार होती आणि मोठ्या शेतकऱ्यांना काही जमीन पडीक ठेवावी लागणार होती. तट मोडला नाही, त्याची जागा बदलली. जे पूर्वी ग्राहक महाग पावाच्या रूपाने देत होता, ते आता करदाता देऊ लागला.

आणि मग ती वाइनची यादी आली. तिच्यापुढे अवघ्या पंधरा दिवसांत, २० नोव्हेंबरला, वॉशिंग्टनमधील ब्लेअर हाउस या अतिथिगृहात समझोता झाला. तेलबियांखालील अनुदानित क्षेत्राला सुमारे ५१ लाख हेक्टरांची मर्यादा पडली. अनुदानित निर्यातीचे प्रमाण सहा वर्षांत २१ टक्क्यांनी घटवायचे ठरले; गॅटचे महासंचालक आर्थर डंकेल यांच्या मसुद्यात हा आकडा २४ होता. युरोपच्या नव्या हेक्टरी रकमांना कपातीतून वगळण्यात आले. त्यावर पुढे २००३अखेरपर्यंतचे ‘शांतता कलम’ही आले, म्हणजे या अनुदानांना आव्हान देण्याची वाट तोवर अरुंद झाली.

फ्रान्स तरीही खवळला. मास्ट्रिख्ट करारावरील सप्टेंबरचा कौल जेमतेम ५१ टक्क्यांनी निघाला होता, मार्चमध्ये निवडणुका होत्या आणि लक्झेंबर्गचे जुने हत्यार हाताशी होते. १९९३मध्ये आलेल्या बालाद्यूर सरकारने करार पुन्हा उघडायला लावला. डिसेंबरच्या आरंभी लिऑन ब्रिटन आणि मिकी कँटर यांनी निर्यातकपातीच्या मोजणीचा आरंभबिंदू वर सरकवला. त्यातून सहा वर्षांत सुमारे ८० लाख टन जादा गहू अनुदानासह निर्यात करण्याची मुभा निघाली. टक्केवारी तीच राहिली, आधारवर्ष बदलले. वाटाघाटींचा अभ्यास करणाऱ्याने आकड्यांआधी आधारवर्ष पाहावे ते याचसाठी. १५ डिसेंबर १९९३ला फेरी संपल्याची घोषणा झाली.

शंभरहून अधिक देशांनी स्वीकारलेल्या कृषी कराराची कळीची कलमे अशी दोन पक्षांनी आपसांत ठरवली होती. भारतात त्या वेळी ‘डंकेल’ हा शब्द घरोघरी पोहोचला होता. कर्नाटकात नंजुंडस्वामींच्या रयत संघाने त्याला कडाडून विरोध केला. महाराष्ट्रात शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी पाठिंबा दिला. भारतीय शेतकऱ्याला मिळते ती ‘उणे सबसिडी’, तेव्हा सरकारी बंधने सुटण्यात त्याचा लाभच आहे, हा त्यांचा युक्तिवाद होता. भारताविषयी तो वजनदार होता. परंतु ब्लेअर हाउसच्या कलमांमुळे युरोप-अमेरिकेची अनुदाने नव्या नावांनी शाबूत राहिली आणि खुल्या बाजारात समोर कोण उभे आहे, हा प्रश्न त्या वादात तितकासा पुढे आला नाही.

निर्यात अनुदाने पूर्णपणे बंद करण्याचा निर्णय व्हायला डिसेंबर २०१५ची नैरोबी परिषद उजाडावी लागली. सोयाबीनवरचे शून्य मात्र टिकून आहे. जुलै २०१८मध्ये ट्रम्प यांच्याशी पेटलेले शुल्कयुद्ध शमवण्यासाठी आयोगाचे अध्यक्ष युंकर वॉशिंग्टनला गेले आणि युरोप अधिक अमेरिकी सोयाबीन घेईल, असे निवेदन दोघांनी मिळून काढले. त्यासाठी युरोपला शुल्कात एका पैशाचीही सूट द्यावी लागली नाही. ती १९६२पासून दिलेलीच होती.