प्रत्येक दीर्घिकेत सारखेच तारे जन्मतात का? समजून घ्या

हिवाळ्यात पिपरी मेघेतल्या एखाद्या गच्चीवरून पूर्वेला बघा. मृग नक्षत्रातल्या तीन ताऱ्यांच्या ओळीजवळ एक धुरकट ठिपका दिसतो. हा सुमारे 1,350 प्रकाशवर्षं दूर असलेला तेजोमेघ. तिथे आजही तारे जन्मतात. त्यातले काही सूर्यापेक्षा कितीतरी जड असतात, पण बहुतेक सूर्याहून हलके.

लहान किती, मोठे किती?

जन्मणाऱ्या ताऱ्यांमधल्या या प्रमाणाला 'आरंभिक वस्तुमान फलन' म्हणतात. 1955 मध्ये एडविन साल्पीटर यांनी ते पहिल्यांदा मांडलं. त्यांच्या सूत्रानुसार सूर्याएवढ्या वजनाच्या गटात वीसेक तारे जन्मले, तर दहापट जड गटात जेमतेम एक.

हे प्रमाण सगळीकडे सारखं असतं?

बराच काळ तसंच मानलं जायचं. पण 2010 मध्ये पीटर व्हॅन डोक्कुम आणि चार्ली कॉनरॉय यांना मोठ्या लंबवर्तुळाकार दीर्घिकांच्या प्रकाशात लहान ताऱ्यांच्या जास्त खुणा सापडल्या. 2018 मध्ये उलट चित्र दिसलं. आपल्या शेजारच्या मोठ्या मॅगेलन मेघातल्या टॅरंटुला तेजोमेघात तीस सूर्यांहून जड तारे अपेक्षेपेक्षा सुमारे 30 टक्के जास्त निघाले.

त्याने काय फरक पडतो?

वरातीत आवाज बँडचा असतो, पण गर्दी वऱ्हाडाची. दीर्घिकेचंही तसंच. तरुण दीर्घिकेत प्रकाश मूठभर जड ताऱ्यांचा आणि वजन बहुतांशी लहान ताऱ्यांचं. प्रमाण चुकीचं धरलं, तर प्रकाशावरून काढलेलं दीर्घिकेचं वजनही चुकतं. शिवाय आपण श्वासात घेतो तो ऑक्सिजन मुख्यतः जड ताऱ्यांत तयार झालेला आहे. जड तारे किती जन्मले, यावर असा कच्चा माल किती तयार झाला हे ठरतं.

महाराष्ट्राचा संबंध काय?

जड, तरुण तारे अतिनील किरणं भरपूर सोडतात. भारताची 'अ‍ॅस्ट्रोसॅट' ही 2015 मध्ये सोडलेली दुर्बीण ती टिपते. पुण्याच्या आयुकातले कनक साहा यांच्या गटाने तिच्या मदतीने 2020 मध्ये 930 कोटी प्रकाशवर्षं दूरच्या दीर्घिकेतून येणारी अतितीव्र अतिनील किरणं शोधली.

मग वाद मिटला का?

नाही. दूरच्या दीर्घिकेतला एकेक तारा सुटा दिसत नाही, सगळ्यांचा मिळून आलेला प्रकाशच हाती लागतो. त्यामुळे मोजणी अप्रत्यक्षच राहते. मृगातले तारे मात्र एकेक करून मोजता येतात. म्हणून गच्चीवरून दिसणारा तो ठिपका आजही शास्त्रज्ञांची प्रयोगशाळा आहे.