शेजारच्या बाकावरचा तपासनीस

जपानी शिकणाऱ्या मराठी माणसाची एक ठरलेली चूक आहे. ‘मी चाकणमध्ये राहतो’ आणि ‘मी चाकणमध्ये काम करतो’ या दोन्ही वाक्यांत आपला ‘मध्ये’ जागचा हलत नाही. जपानीत राहण्याला ‘नि’ लागतो आणि काम करण्याला ‘दे’. म्हणजे ‘चाकान नि सुंदे इमासु’, पण ‘चाकान दे हातारैते इमासु’. नवशिका दोन्हीकडे ‘नि’ ठोकून मोकळा होतो. निगडी-आकुर्डीकडच्या संध्याकाळच्या क्लासात ही चूक सरांच्या आधी शेजारी बसलेला पकडतो, कारण मागच्याच पायरीवर ती त्याने स्वतः केलेली असते.

जर्मनवाल्यांची गंमत वेगळी. मराठीत क्रियापद शेवटी येतं, जर्मनच्या साध्या वाक्यात दुसऱ्या जागी. हे अंगवळणी पडायला वेळ लागतो. ते पडतं न पडतं तोच ‘वाइल’ येतो, म्हणजे ‘कारण’, आणि क्रियापद पुन्हा शेवटी जातं: ‘वाइल इष इन चाकन आर्बाइटे’. व्याकरणाच्या पुस्तकात याला गौणवाक्याचा अख्खा धडा असतो. शेजारचा एका ओळीत सांगून टाकतो, “वाइल आलं की मराठीसारखं बोल.” जर्मनीहून आलेल्या शिक्षकाला हे सुचणं कठीण. त्याला जर्मन येते, पण आपण कुठून घसरतो ते त्याला दिसत नाही.

परक्या भाषेत चार ओळी लिहायच्या, सोबत्याला दाखवायच्या, त्याने खुणा केल्या की पुन्हा लिहायच्या, अशी ही रीत. आज ती व्हॉट्सअ‍ॅपवर चालते, काही वर्षांपूर्वी ब्लॉगवर चालायची, त्याआधी वहीत. तिचा माग काढत गेलं तर वाट पुण्यात किंवा बर्लिनमध्ये जाऊन थांबत नाही, ती गावठी शाळेच्या ओसरीवर पोचते.

पंतोजी एकटा आणि पोरं ओसरीभर. मोठ्या मुलांनी धाकट्यांकडून धुळाक्षरं गिरवून घ्यायची, पाढे म्हणून घ्यायचे, हा सगळीकडचा शिरस्ता. त्यामागे शिक्षणशास्त्र नव्हतं, निव्वळ सोय होती. मद्रासला लष्करी अनाथाश्रमाच्या शाळेचा कारभार पाहणाऱ्या अँड्र्यू बेल या स्कॉटिश पाद्र्याने तिकडच्या देशी शाळेत मुलं वाळूत अक्षरं काढताना पाहिली. आपले शिक्षक ऐकेनात, तेव्हा त्याने मोठ्या मुलांनाच धाकट्यांवर नेमलं. १७९७ मध्ये त्याने लंडनमध्ये यावर पुस्तिका छापली. पाठोपाठ जोसेफ लँकेस्टरने लंडनमध्ये तसल्याच पद्धतीची शाळा उघडली आणि शोध कोणाचा यावरून दोघांच्या पाठीराख्यांत चांगली जुंपली. देशी पंतोजीला या भांडणात कोणी विचारलं नाही. पुढे १८२० च्या दशकात मुंबईच्या एज्युकेशन सोसायटीने हीच पद्धत विलायती नावाने आपल्या मराठी शाळांत आणली.

पण ओसरीवरचा तो मोठा मुलगा म्हणजे स्वस्तातला मास्तरच. चूक सापडली की छडी, बरोबर असेल तर पुढचा पाढा. लिहिलेल्या मजकुरावर बरोबरीच्या माणसाने मत द्यायचं, ही गोष्ट आपल्याकडे ठळकपणे दिसते ती १८४८ मध्ये. त्या वर्षी मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी निघाली. विशीच्या आसपासची पोरं इंग्रजीत निबंध लिहून आणत, सभेत वाचत आणि बाकीचे त्यावर बोलत. दादाभाई नौरोजी याच मंडळींतले. तिची मराठी शाखा म्हणजे उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा. दादोबा पांडुरंग तिचे अध्यक्ष होते. या सोसायटीने मुलींच्या शाळा काढल्या म्हणून इतिहासात तिचं नाव राहिलं, आणि ते योग्यच आहे. मला मात्र त्या निबंधवाचनाच्या संध्याकाळींचं अप्रूप वाटतं. परकी भाषा, कच्चं लेखन, समोर आपल्याच वयाचे लोक, आणि तरी उभं राहून वाचायचं!

त्यानंतरच्या काळात हा धागा आपल्याकडे विरळ होत गेला. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घेऊन घराघरांत लोक एकेकटे इंग्रजी शिकले. वाक्य मराठीत, उत्तर इंग्रजीत. त्या पाठमालेचे उपकार मोठे आहेत, पण तिच्यात सोबत्याला जागा नव्हती. परीक्षा आली, मॅट्रिक आली, तपासणारा अदृश्य झाला. त्याची ओळख म्हणजे गुण.

युरोपात नेमकं उलट घडत होतं. १८९७ च्या सुमारास पॉल मिएय या फ्रेंच शिक्षकाने आपल्या विद्यार्थ्यांना परदेशी विद्यार्थ्यांशी पत्रव्यवहार करायला लावलं. इंग्लंडमध्ये ‘रिव्ह्यू ऑफ रिव्ह्यूज’चा संपादक डब्ल्यू. टी. स्टेड यात उतरला आणि जर्मनीत लाइपझिगच्या मार्टिन हार्टमानने या पत्रांसाठी केंद्र काढलं. पत्र आळीपाळीने दोन्ही भाषांत लिहायचं आणि एकमेकांच्या चुका दुरुस्त करून पाठवायच्या, अशी ती योजना. म्हणजे या कामाला कोऱ्या पानाइतकंच पोस्टाचं तिकीट लागत होतं. पुढे १९२० च्या दशकात सेलेस्टाँ फ्रेने या खेड्यातल्या फ्रेंच मास्तराने वर्गात छापखानाच आणला. मुलांनी आपल्या मनाचं लिहायचं, वर्गाने त्यातला एक मजकूर निवडायचा, सगळ्यांनी मिळून तो नीट करायचा, खिळे जुळवून छापायचा आणि दूरच्या दुसऱ्या शाळेला पाठवायचा. ब्लॉगचं सगळं सामान इथे हजर आहे, फक्त वीज नाही.

जपानमध्ये याच सुमारास खेड्यापाड्यातले शिक्षक मुलांना रोजच्या जगण्यावर लिहायला लावत होते. शेतात काय पिकलं, घरात काय कमी पडलं, ते लिहून वर्गात वाचायचं आणि त्यावर बोलायचं. महायुद्धानंतर यामागाता प्रांतातल्या मुचाकु सेइक्योने आपल्या विद्यार्थ्यांचं असं लेखन १९५१ मध्ये पुस्तकरूपाने काढलं, ‘यामाबिको गाक्को’. ते देशभर गाजलं. एकच वही दोघांत फिरवून लिहायची ‘कोकान निक्की’ तिथल्या शाळकरी मुलींत पुढे घरोघरची झाली. २००७ मध्ये जपानमधूनच ‘लँग-एट’ ही साइट निघाली, हा योगायोग नसावा. तुम्ही परक्या भाषेत रोजनिशी लिहा, ती ज्यांची मातृभाषा आहे ते दुरुस्त करतील आणि तुम्ही त्यांची कराल, अशी ती देवाणघेवाण. मिएयच्या पत्राला पोचायला दिवस लागायचे, इथे चहा निवायच्या आत उत्तर यायचं.

आता आपल्या पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्याकडे. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली ती जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने. १९५८ मध्ये फिरोदियांची बजाज टेम्पो निघाली, हँबर्गच्या टेम्पो-वेर्कशी करार करून. साठच्या दशकात स्वीडनची एसकेएफ चिंचवडला आली आणि जर्मनीची केएसबी पिंपरीला. त्या काळाचा परवलीचा शब्द ‘कोलॅबोरेशन’. मशीन परदेशी, ड्रॉइंग परदेशी, पण भाषा शिकायची तर पुणं गाठावं लागे. विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये, आणि मॅक्सम्युलर भवन तर त्याहून पलीकडे, बोट क्लब रोडला. शिफ्ट सुटल्यावर लोकल पकडून जाणाऱ्याला क्लास म्हणजे अर्धी संध्याकाळ. अशा माणसाचा गृहपाठ गाडीत होणार आणि तो तपासणारही गाडीतलाच कोणी.

जपानने १९५९ मध्ये परदेशी तंत्रज्ञांच्या प्रशिक्षणासाठी एओटीएस ही संस्था काढली. तिच्यामार्फत आपल्याकडचे लोक तिकडे जाऊन शिकून आले. पण या पट्ट्याला जपानकडून भाषेआधी एक सवय मिळाली, असं मला वाटतं. कारखान्यातल्या कामगारांनी गट करून आपल्याच कामातले दोष शोधायचे, ही क्वालिटी सर्कलची कल्पना जपानमध्ये १९६२ मध्ये इशिकावा काओरूंच्या पुढाकाराने रुजली. भारतात पहिलं सर्कल १९८० मध्ये हैदराबादच्या भेलमध्ये सुरू झालं आणि काही वर्षांतच भोसरी-चिंचवडकडचे फिटर-टर्नरही दोषाची कारणं दाखवणारी माशाच्या काट्यासारखी आकृती काढून साहेबांपुढे उभे राहू लागले. रिजेक्शन का आलं? टूल झिजलं. का झिजलं? कूलंट कमी पडला. का कमी पडला? प्रश्न विचारणारा शेजारच्या मशीनवरचा. त्याने विचारलं म्हणून अपमान झाला असं वाटून घ्यायचं नाही, हे शिकायला आपल्याला फार वेळ लागला. अजूनही सगळ्यांना जमलंय असं नाही. पण ज्याला शॉपफ्लोअरवर हे जमलं, त्याला आपलं मोडकंतोडकं जर्मन चारचौघांत टाकायला जड जात नाही.

जर्मनीत शिकाऊ कामगाराला ‘बेरिष्ट्सहेफ्ट’ ठेवावी लागते. त्या त्या दिवशी किंवा आठवड्यात काय केलं, काय शिकलो, हे त्याने आपल्या शब्दांत लिहायचं, प्रशिक्षकाने वाचून सही करायची. ही वही नसेल तर अंतिम परीक्षेला बसू देत नाहीत. आपल्याकडेही १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली शिकणाऱ्यांना डायरी ठेवावी लागत आली. सही आपल्याकडेही होते. वाचन होतंच असं नाही.

मर्सिडीजने १९९५ मध्ये पिंपरीच्या टेल्कोच्या आवारात गाड्या जोडायला सुरुवात केली आणि २००९ मध्ये ती चाकणला गेली. त्याच वर्षी फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना सुरू झाला. मग भाषा वरच्या मजल्यापुरती राहिली नाही. सप्लायर, टूलरूम, क्वालिटी, सगळीकडे जर्मनी किंवा जपानमधून मेल येऊ लागल्या आणि क्लास पिंपरीच्या उंबऱ्याशी आले.

लेखनातल्या चुका दुरुस्त करून देण्यात अर्थ आहे का, यावर भाषाशिक्षकांत मोठा वाद झालेला आहे. १९९६ मध्ये जॉन ट्रस्कॉटने लिहिलं की परक्या भाषेच्या लेखनात व्याकरणाच्या चुका दुरुस्त करून देणं निरुपयोगीच नव्हे, अपायकारक आहे, ते बंद करा. डाना फेरिसने त्याला जोरदार उत्तर दिलं. भांडण अजून मिटलेलं नाही. पण २००९ मध्ये लुंडस्ट्रोम आणि बेकर यांनी प्रश्नच फिरवला. त्यांनी इंग्रजी शिकणाऱ्यांचे दोन गट केले. एकाने फक्त दुसऱ्यांचे निबंध तपासायचे, दुसऱ्याने फक्त आलेल्या सूचना वापरायच्या. लेखन जास्त सुधारलं ते तपासणाऱ्यांचं, त्यातही नवख्यांचं. ओसरीवरच्या मोठ्या मुलाला हे कळलं असतं तर त्याने पंतोजीकडे दक्षिणा मागितली असती!

या रीतीत एक खोट मात्र आहे. एकाच भाषेतून आलेले सगळे, म्हणून सगळ्यांच्या नजरेतून तीच एक गोष्ट सुटते. मराठीत नम्रपणा क्रियापदातच असतो. ‘ड्रॉइंग पाठवा’ म्हटलं की झालं, वर ‘कृपया’ लावलं तर सरकारी वाटतं. हेच वाक्य जर्मनमध्ये उतरवलं की ‘शिकन झी मिअर डी त्साइष्नुंग’ होतं. व्याकरण चोख, ‘झी’ आदरार्थी, गटातले पाचही जण पास करतील. पलीकडच्या इंजिनियरला मात्र तो हुकूम वाटतो, कारण त्याला ‘क्योन्टन झी’ने सुरू होणारी विनंती अपेक्षित असते. इथे चाकणचा शेजारी कामाचा नाही, लाइपझिगचाच हवा. मिएय आणि लँग-एट दोघांनीही हे ओळखलं होतं. लँग-एटने पुढे नवी नोंदणी बंद केली, आणि आता लोक चार ओळी सरळ यंत्राला देतात. ते ‘क्योन्टन झी’ही घालून देतं आणि ‘नि’चा ‘दे’ही करतं. फक्त तपासणाऱ्याच्या पदरात जे पडायचं, ते आता कुणाच्याच पदरात पडत नाही.

परीक्षांचंही पाहा. गोएथे इन्स्टिट्यूटच्या जर्मन बी-वन परीक्षेत लेखनाचा स्वतंत्र तास असतो. मित्राला मेल, एखाद्या विषयावर मत, आणि वरिष्ठाला किंवा शिक्षिकेला छोटा औपचारिक निरोप. त्यामुळे जर्मनवाले एकमेकांच्या मेल तपासतात, निदान परीक्षेपर्यंत तरी. जुलै आणि डिसेंबरमध्ये होणाऱ्या जपानीच्या जेएलपीटी परीक्षेत अक्षरं, शब्द, व्याकरण, वाचन, श्रवण सगळं आहे, सगळं पर्यायांत खूण करायचं. लिहायला एक ओळ नाही, बोलायला एक वाक्य नाही. साहजिकच जपानीच्या वर्गात चारशे चौकोनांचा निबंधाचा कागद परीक्षा जवळ आली की सर्वांत आधी बाजूला पडतो. मग तिची एन-थ्री पायरी पास झालेली मुलगी जपानी कंपनीत रुजू होते, आणि पहिल्याच आठवड्यात साहेब तिच्याकडे ‘निप्पो’ मागतात. आज काय केलं, काय अडलं, उद्या काय करणार, दहा ओळींत, जपानीत. ती त्या दहा ओळी लिहिते आणि पाठवायच्या आधी जुन्या क्लासातल्या मैत्रिणीला फोन लावते, “जरा बघतेस का गं?”