सीमंतिनीची नजर आणि सारस्वताचा शोक

‘शिवलीलामृता’चा अकरावा अध्याय अनेक घरांत तोंडपाठ असतो. सातवा मात्र पारायणाच्या ओघात वाचून पुढे जातो. त्यात एका तरुणाची स्त्री होते आणि ती पुन्हा कधीच पुरुष होत नाही, याकडे वाचणाऱ्याचं फारसं लक्ष जात नाही.

श्रीधरस्वामींनी हा ग्रंथ १७१८ मध्ये बारामतीत पुरा केला. कथा अर्थात त्यांच्याआधीची, स्कंदपुराणाच्या ब्रह्मोत्तरखंडातली. विदर्भातले वेदमित्र आणि सारस्वत हे मित्र. त्यांचे मुलगे सुमेधा आणि सोमवंत. विद्या संपादून झाली, लग्नाला पैसा हवा, म्हणून दोघे राजाकडे जातात. मदत करायची सोडून राजा थट्टा करतो. नैषध देशाची राणी सीमंतिनी दर सोमवारी दांपत्यांची पूजा करून दान देते. तुमच्यातल्या एकाने बायकोचा वेष घेऊन जावं. मुलांना ही लबाडी पटत नाही, पण राजाज्ञेपुढे इलाज नसतो. राणी सोंग ओळखते, किंचित हसते आणि तरीही दोघांना शिवपार्वती मानून पुजते. परतीच्या वाटेवर सोमवंत खरोखरच स्त्री झालेला असतो. ती सुमेधाला जवळ घे म्हणते. त्याला आधी ती थट्टाच वाटते.

रूथ वनिता आणि सलीम किदवई यांनी भारतातील समलिंगी प्रेमाच्या साहित्याचं जे संकलन २००० साली प्रसिद्ध केलं, त्यात पुराणातली ही कथा आहे. सुमेधा-सोमवंतांची मैत्री आणि तिचं झालेलं लग्न, यांमुळे ती तिथे शोभतेच. पण सातवा अध्याय सहाव्यापासून तोडला की चमत्काराचं कारण हरवतं.

सहावा अध्याय शोकाचा आहे. सीमंतिनीला चौदाव्या वर्षी वैधव्य येईल असं भाकीत होतं. याज्ञवल्क्यांची पत्नी मैत्रेयी तिला सोमवारचं व्रत सांगते. तरी व्हायचं ते होतंच. नवरा चित्रांगद यमुनेत बुडतो. लोक तो मेला असं धरून चालतात. ती व्रत सोडत नाही. पुढे तो तक्षकाच्या पाताळातून जिवंत परततो. समोर दिसतं तेवढंच खरं मानायचं नाही, हे या बाईने दुःखात शिकलेलं आहे. म्हणून तिच्या पूजेने सोंगाचं सत्य होतं. शिखंडीला पुरुषत्व मिळतं ते यक्षाशी झालेल्या अदलाबदलीतून. इथे ना सौदा आहे, ना शाप.

कथेला बंडखोर ठरवण्याची घाई मात्र नको. शेवटी दोघांचं रीतसर लग्न लागतं. व्यवस्थेला धक्का बसत नाही.

धक्का बसतो तो सारस्वताला. एकुलता एक मुलगा गेला, आता पिंड कोण देणार, म्हणून तो राजापुढे आक्रोश करतो. थट्टा अंगाशी आलेला राजा देवीला साकडं घालतो. देवी प्रसन्न होते, पण माझ्या भक्ताने केलेलं मी फिरवणार नाही म्हणते. सारस्वताला दुसरा मुलगा होईल एवढाच वर देते. सीमंतिनीला तिचाच चित्रांगद परत मिळाला होता. सारस्वताला बदली मुलगा मिळतो. आणि ज्याच्यासाठी तो रडत होता, ते लेकरू एवढा वेळ जिवंत, सुखरूप त्याच्याच घरी असतं.