धोतऱ्याची साक्ष

पेयात गुंगीचे द्रव्य मिसळून माणसाला परस्वाधीन करण्याचा प्रकार आपण महानगरांतील रात्रजीवनाशी जोडतो. त्याच्या लिखित नोंदी मात्र बऱ्याच जुन्या आहेत. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याच्या, १५६३ साली गोव्यात छापलेल्या संवादग्रंथात धोतऱ्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. एका घरातील मालकिणीला धोतरा देऊन चाव्या व दागिने लांबवल्याचा प्रसंग त्यात येतो. काही विचारले, की ती नुसती हसते. १५८३ मध्ये गोव्यात आलेला डच प्रवासी लिन्स्होटेन वेगळेच सांगतो : बायका नवऱ्यांच्या पेयात धोतरा कालवतात आणि त्यांच्या देखत प्रियकरांना भेटतात.

एका नोंदीत स्त्री बळी आहे, दुसरीत कपटी. दोन्हींत बोलणारा पुरुष आहे. पहिला वैद्य म्हणून लक्षणे सांगतो, दुसरा परमुलखातील कुजबुज. संहिता वाचताना हा भेद नजरेआड करता येत नाही.

धोतऱ्यातील अ‍ॅट्रोपीन व स्कोपोलामाइन यांमुळे डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात, तोंडाला कोरड पडते, भ्रम होतो आणि स्मृती पुसली जाते. म्हणजे ज्याच्यावर अन्याय झाला, त्याचीच साक्ष हिरावली जाते.

सतराव्या शतकात सुरत-बुऱ्हाणपूर व्यापारी मार्ग आपल्या नवापूर-नंदुरबारवरून जात असे. अशा वाटांवर सोबतीची गरज असे, आणि सोबतीतच धोका दडलेला असे. वाटसरूंशी ओळख वाढवून त्यांच्या अन्नात धोतरा मिसळणारे लुटारू एकोणिसाव्या शतकातील न्यायवैद्यकाच्या ग्रंथांत वारंवार भेटतात. १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील कलम ३२८ ने गुन्ह्याच्या हेतूने गुंगीचे द्रव्य देणे दहा वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र ठरवले. १ जुलै २०२४ पासून तीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम १२३ मध्ये आहे.

शिक्षणासाठी पुण्या-मुंबईला जाणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना हा इतिहास ठाऊक असावा. पेला नजरेआड करू नये. झाल्यास तो टाकून द्यावा. एकाएकी भोवळ आली, तर विश्वासाच्या माणसाला सांगून त्वरित रुग्णालय गाठावे. रक्त-लघवीच्या तपासणीस उशीर झाल्यास पुरावा नाहीसा होतो. सोबत्याने अशा व्यक्तीस एकटे सोडू नये.

आणि आठवत नाही म्हणणाऱ्या मुलीला आपण खोटी ठरवू नये. न आठवणे हेच त्या द्रव्याचे काम आहे. ऑर्ताच्या ग्रंथातील मालकिणीचे हसू हीच तिची साक्ष होती.