दोष नाही, तरी भरपाई

आमच्या आत्याला लहानपणी पोलिओ झाला आणि उजवा पाय अधू झाला. तेव्हा तिच्या गावात लस पोचलीच नव्हती. मागे एकदा गप्पांच्या ओघात मी तिला अमेरिकेतली कटरची गोष्ट सांगितली. सगळं ऐकून ती म्हणाली, "मग त्या पोरांना काही मिळालं का रे?"

गोष्ट अशी. १२ एप्रिल १९५५ रोजी डॉ. जोनास साल्क यांची पोलिओची लस सुरक्षित आणि परिणामकारक असल्याचं जाहीर झालं. लोकांनी आनंदाने चर्चच्या घंटा वाजवल्या. कंपन्यांना त्याच दिवशी परवाने मिळाले. पण पंधरा दिवसांतच कॅलिफोर्नियातल्या कटर कंपनीची लस परत मागवावी लागली. फॉर्मालिनने मारलेला विषाणू काही साठ्यांमध्ये जिवंतच राहिला होता! सुमारे ४०,००० जणांना सौम्य पोलिओ झाला, सुमारे २०० जणांना कमीअधिक लुळेपणा आला, दहाजण दगावले.

पालक कोर्टात गेले. १९५८ मध्ये ज्युरीने दिलेला निकाल मला फार विचार करायला लावतो. कंपनीने हलगर्जीपणा केलेला नाही, असं ज्युरीने म्हटलं. पण लस विकताना ती सुरक्षित असल्याची हमी त्या विक्रीतच गृहीत असते आणि ती हमी मोडली, म्हणून पैसे द्या! दोन कुटुंबांना मिळून १,४७,३०० डॉलर्स मिळाले.

याला दुसरी बाजूही आहे. पुढे डांग्या खोकल्याच्या लसीने मेंदूला इजा होते म्हणून दाव्यांची रांग लागली. कंपन्या एकेक करून लस बनवणं सोडू लागल्या, तुटवड्याची भीती निर्माण झाली. (त्या आरोपाला नंतरच्या अभ्यासांनी दुजोरा दिला नाही. २००६ च्या एका अभ्यासात तर अशा १४ रुग्णांपैकी ११ जणांत मूळ कारण जनुकीय दोषाचं निघालं.) शेवटी १९८६ मध्ये अमेरिकेने कायदा केला. लसीवर छोटासा कर, सध्या प्रत्येक रोगामागे ७५ सेंट, आणि त्या निधीतून भरपाई. कंपनीची चूक सिद्ध करावी लागत नाही. ठरावीक इजा ठरावीक मुदतीत दिसली, तर लसीमुळेच झाली असं धरून चालतात. बाकीच्यांना पुरावे द्यावे लागतात, आणि कितीतरी दावे फेटाळलेही जातात.

आत्याला एवढं सगळं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "लस सगळ्यांच्या भल्यासाठी टोचतात ना? मग एखाद्याचं वाईट झालं, तर तेही सगळ्यांनीच बघायचं."

असो. स्वतःच्या नातवाचा एकही डोस तिने चुकू दिलेला नाही, हेही सांगायला हवं.

तुम्हाला काय वाटतं?